'लैंगिक आवड' की 'लैंगिक कल'? आश्रयाच्या अर्जातले शब्द

शब्दशोधक : परदेशात आश्रय मागणाऱ्या समलिंगी व्यक्तींच्या मदतनीसांसाठी मराठी पत्रक करायचं आहे. 'असायलम सीकर' म्हणजे निर्वासित की शरणार्थी? आणि 'सेक्शुअल ओरिएंटेशन'ला 'लैंगिक आवड' चालेल का?

दुभाषी : अर्जाचा निकाल लागेपर्यंत 'आश्रयार्थी' म्हणा. विद्यार्थी तसा आश्रयार्थी, म्हणजे आश्रय मागणारा. 'निर्वासित' म्हटलं की आपल्याला फाळणीनंतरच्या उल्हासनगरच्या छावण्या आठवतात, अख्खा समाज एकत्र आलेला. इथे माणूस बहुधा एकटा असतो आणि आपल्याच गाववाल्यांपासून जपून राहतो.

'आवड' मात्र नकोच. आवड बदलते. १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात छळाच्या ज्या कारणांवरून आश्रय मिळतो, त्यांतलं एक म्हणजे 'विशिष्ट सामाजिक गटा'त असणं. त्या गटात बसायचं, तर बहुतेकदा मुद्दा असतो तो न बदलणाऱ्या किंवा बदलायला लावू नये अशा गुणाचा. 'आवड' लिहिली की तो मुद्दाच पोकळ होतो. 'कल' लिहा.

भाषांतरकार : 'तृतीयपंथी'ही टाळा. समलिंगी पुरुषासाठी तो शब्द गेला आणि पुढच्या जबाबात तो "मी पुरुषच आहे" म्हणाला, तर कागदावर विसंगती दिसते. तो स्वतःसाठी जो शब्द वापरतो तोच ठेवा. त्याला दिलेल्या शिव्याही सौम्य करू नका. छळ किती होता, हे त्या शिवीतूनच कळतं.

शब्दशोधक : आणि 'डिस्क्रीट' राहणं? 'तारतम्यानं राहणं' सुचतंय.

भाषांतरकार : तारतम्य हा आपल्याकडे सद्गुण. त्या शब्दानं अन्यायच शहाणपणाचा वाटू लागेल. "जपून राहिलात तर मायदेशी धोका नाही," असं सांगून ब्रिटनमध्ये अर्ज फेटाळले जात. इराण आणि कॅमेरूनच्या दोन पुरुषांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ते चूक ठरवलं : छळाच्या भीतीनं लपावं लागत असेल, तर तो माणूस आश्रयाला पात्रच आहे. म्हणून सरळ 'लपून राहणं' लिहा.

दुभाषी : व्याकरणातही फसगत होते. फारसीतला 'ऊ' आणि बंगालीतला 'शे' तो-ती दोघांनाही चालतो. इंग्रजी करताना दुभाषानं सवयीनं उलट लिंग घातलं, की प्रियकराची प्रेयसी होते आणि पुढे माणूस खोटा ठरतो. मराठीत अडचण उलटी : आपलं क्रियापदच लिंग उघड करतं. "बायको कुठे भेटली?" असं विचारलंत तर समोरचा गप्प होईल. "जोडीदाराला पहिल्यांदा कुठे भेटलात?" असं विचारा. यात कुणाचंच लिंग गृहीत धरलेलं नाही.

शब्दशोधक : शेवटचा, 'कॉन्फिडेन्शियल'. 'गोपनीय'?

दुभाषी : तो कचेरीचा शिक्का झाला. "याची कुठेही वाच्यता करणार नाही," हे पहिल्याच वाक्यात सांगा. मग विचारा : दुभाषा बाई हवी की पुरुष, आपल्या समाजातला नको आहे का, दुसऱ्या शहरातून फोनवर चालेल का. स्थानिक मंडळातला ओळखीचा दुभाषा बसला, तर आश्रयार्थी मूळ कारण दडवतो आणि भलतंच काही सांगतो. नंतर खरं सांगितलं, की "आधी का नाही बोललात?" हा प्रश्न येतो. केवळ उशिरा सांगितलं म्हणून अविश्वास दाखवता येत नाही, असं युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलंय. पत्रकात ही ओळ ठळक छापा.