मदत हवी आहे: नगरपरिषद 'सोबत काम करू' म्हणतेय, करारात काय लिहून घ्यावं?

पाणीवही:
नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे आणि जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं पाहिलं. आमच्याकडे रेल्वे येत नाही, म्हणून आमचे टँकर कुणी पाहिले नाहीत. एरवी आठ-दहा दिवसांनी नळ येतात, उन्हाळ्यात पंधरावर जातं. त्याचीही सवय झालीय, पण कधी येणार हे कळत नाही त्याचा जास्त छळ होतो. रोजंदारीवर जावं की घागरी मांडून बसावं?

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक वही सुरू केली. दोन निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या बायका आणि पॉलिटेक्निकची चार पोरं. गल्लीमागे एक बाई. नळ आले की तारीख, वेळ, किती मिनिटं चालले आणि धार कशी होती, एवढंच लिहायचं. आता चाळीसेक गल्ल्या आहेत, पोरांनी सगळं एक्सेलमध्ये चढवलंय.

मधे माहिती अधिकारात पाणी सोडण्याचं वेळापत्रक मागितलं होतं. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." अपिलात गेलो तर झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला, त्यात पंपघराच्या मीटरचे आकडे. धरणातून किती उचललं ते कळलं. कुठल्या गल्लीला किती सोडलं ते फक्त वॉलमनला (गल्लीच्या पाण्याचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणाऱ्याला) माहीत, आणि तो बिचारा कंत्राटी, चार महिन्यांनी पगार होणारा.

आता नवे मुख्याधिकारी आलेत. त्यांनी बोलावून घेतलं, चहा पाजला (हे पहिल्यांदाच). म्हणाले, तुमची वही आम्हाला द्या, आमचे आकडे तुम्ही घ्या, दर आठवड्याला मिळून जाहीर करू. सामंजस्य कराराचा कच्चा मसुदाही पाठवला. त्यात एक ओळ आहे: "प्रसिद्धीपूर्वी सर्व माहिती कार्यालयाकडून तपासून घेण्यात येईल."

इथं आमच्यात फूट पडली. एक गुरुजी म्हणतात, सही करू नका, पंगतीला बसलं की वाढप्याला बोलता येत नाही. बचत गटाच्या अध्यक्षबाई म्हणतात, गुरुजी, तुमच्या घरी बोअर आहे, तुम्ही बाहेर बसून भांडा. आम्हाला नळाची तारीख कळली तरी पुष्कळ झालं.

दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे. ती तपासणीची ओळ कशी बदलून घ्यावी? आणि साहेबांची बदली झाली तर हे सगळं टिकावं म्हणून आत्ता काय करून ठेवावं?

मन्याडकाठ:
ताई, करार वगैरे फार बघितले. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेत आमचं नांदेड होतं, २००८ च्या गुरु-ता-गद्दीच्या (शिखांच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या) आगेमागे कामं झाली. त्या योजनेची अटच होती की राज्यानं लोकसहभागाचा आणि माहिती जाहीर करण्याचा कायदा करावा. कायदा झाला, क्षेत्रसभा (प्रभागातल्या मतदारांच्या सभा) कागदावर आल्या. मी आजवर एकाही क्षेत्रसभेला बसलेलो नाही. तुम्ही कुणी बसला असाल तर सांगा, पेढे देतो.

सोमवार_तीन_ते_पाच:
कराराचं नंतर बघू. २६ नोव्हेंबर २०१८ चं शासनाचं परिपत्रक आहे: जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला द्यायचे. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तीच पुढे राज्यभर लावली. म्हणजे यातलं निम्मं साहेबांच्या मेहेरबानीवर नाहीच, तुमच्या हक्कात आहे. परिपत्रकाची प्रत घेऊन जा, "असं काही नसतं" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

रिटायर_बडेबाबू:
३१ वर्षं नगरपालिकेत काढली. आधी आवक-जावक, मग पाणीपट्टी वसुली. म्हणून चार गोष्टी आतल्या सांगतो.

कराराच्या कागदावर साहेबांची सही असते. साहेब गेले की तो कागद फाईलला, फाईल कपाटाला आणि कपाटाची किल्ली हरवलेली. म्हणून सभेत ठराव करून घ्या. ठराव इतिवृत्तात येतो, त्याला नंबर पडतो, आणि तो रद्द करायचा तर पुन्हा सभेत हात वर करावे लागतात. पाण्याच्या वेळापत्रकाविरुद्ध हात वर करणारा नगरसेवक मी तरी बघितला नाही. तुमच्याकडे आता सभागृह आहे की अजून प्रशासकच?

दुसरं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख) म्हणजे स्वतःहून जाहीर करायच्या सतरा बाबी, दरवर्षी अद्ययावत करून. त्यातली सातवी कुणी वाचत नाही: धोरण ठरवताना आणि राबवताना लोकांशी विचारविनिमय करण्याची काय व्यवस्था आहे, ते लिहायचं असतं. मी स्वतः त्या रकान्यात कित्येक वर्षं "निरंक" लिहिलंय, खोटं कशाला बोलू. तुमचा ठराव झाला की त्याचा नंबर त्या रकान्यात लिहायला लावा. नव्या साहेबाला मग पुन्हा निरंक लिहिणं जड जातं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. वॉलमनची डायरी आज दप्तर, म्हणजे कार्यालयाचं रेकॉर्ड, नाही, त्याच्या खिशातली गोष्ट आहे. म्हणूनच "उपलब्ध नाही" हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. पाणीपुरवठा अभियंत्याच्या आदेशानं "वॉलनिहाय पाणी सोडण्याची नोंदवही" सुरू करून घ्या. एकदा ती दप्तर झाली की करार राहो न राहो, दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते.

अक्षरजुळणी:
प्रभागाप्रमाणे लिहू नका. प्रभागरचना निवडणुकीला बदलते, मागचे आकडे पुढच्याशी जुळत नाहीत. वॉल जागचा हलत नाही. प्रत्येक वॉलला नंबर द्या आणि त्याखाली गल्ल्या.

त्यांच्याकडून आकडे घेताना फाईल युनिकोडमध्येच हवी असं ठरावात लिहा. श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून, प्रिंट काढून, ती स्कॅन करून दिली तर पोरांची सुट्टी पुन्हा टंकण्यात जाईल. आणि "श्रेय देऊन कुणीही विनामूल्य वापरू शकेल" ही ओळ दोघांच्याही माहितीवर टाका, तुमच्या वहीवरसुद्धा. उघडं व्हायचं तर दोघांनी.

मन्याडकाठ:
मग थेट लाईनला मोटार लावणाऱ्यांचीही नावं टाका की. शेवटच्या घराला पाणी का जात नाही ते सगळ्या गल्लीला माहीत असतं.

पाणीवही:
मन्याडकाठ, तुम्ही बरोबर दुखरं बोट दाबलं. आमच्या वहीत तीन गल्ल्यांत पहिल्या पाच घरांची धार जोरात आणि पुढं ठणठणाट. त्यातल्या एका गल्लीत आमच्या गटातल्याच एकीच्या घरी मोटार आहे. ती वही लिहायची बंद झालीय, बोलायचीही.

बडेबाबू, चार वर्षं प्रशासक होते, आता सभागृह आहे.

अक्षरजुळणी:
नावं नकोच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) बदललंय, "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार देणं सोपं झालंय. वहीत माणसांची नावं आली की ती सगळी वहीच त्या कारणाखाली अडकवतील. वॉल, गल्ली, वेळ, धार. वॉलमनचंही नाव नको, शिव्या त्यालाच पडतील.

रिटायर_बडेबाबू:
सहमत. मोटारीसाठी वेगळी मोहीम लागते, आणि ती कार्यालयानं करावी. बायकांच्या वहीवर ते ओझं टाकू नका.

तपासणीची ओळ अशी करा: "संस्थेने दिलेल्या नोंदीत चूक आढळल्यास कार्यालयाने सात दिवसांत लेखी कळवावे. न कळवल्यास नोंद आहे तशी जाहीर होईल. मतभेद राहिल्यास दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत." शेवटचं वाक्य कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. कार्यालय म्हणतं चाळीस मिनिटं, बाई म्हणते पंधरा. दोन्ही छापा, लोक आपलं आपण समजतात.

पाणीवही:
दोन्ही आकडे शेजारी हे गुरुजींना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अस्सं असेल तर पंगतीला बसू, पण ताट आपलं आपण न्यायचं." म्हणजे होकार धरते.

छापायचं कुठं यावर वेबसाईट निघाली होती, पण आमच्या बायका ती उघडणार नाहीत. रेशन दुकान, मारुतीचं देऊळ, दर्गा आणि दोन पिठाच्या गिरण्यांवर कागद लावायचा ठरलाय. व्हॉट्सॲपवर तर जाईलच.

सोमवारी तीन वाजता परिपत्रक घेऊन जातेय. बडेबाबू, सभेच्या विषयपत्रिकेवर यावं म्हणून अर्जात विषय कसा लिहायचा तेवढं सांगा.

रिटायर_बडेबाबू:
"विषय: शहरातील पाणी सोडण्याची वॉलनिहाय नोंदवही ठेवणे व ती दर आठवड्यास नागरिकांच्या नोंदींसह जाहीर करणेबाबत." दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "साहेब आल्यावर देतो" म्हणाले तर तिथंच बाकड्यावर बसा, डबा सोबत न्या.