टॅबलेट असताना ई-रीडर कशाला म्हणे!

रातकिडा: 'हातात टॅबलेट असताना वेगळा ई-रीडर, म्हणजे नुसतं पुस्तकं वाचायचं यंत्र, घेणं म्हणजे निव्वळ हौस' असं काल एकाने ठोकून दिलं आणि खाली सगळे माना डोलावतायत, म्हणून मुद्दाम धागा काढतोय. अहो, ई-रीडरच्या पडद्यात, म्हणजे ई-इंकमध्ये, काळे-पांढरे बारीक कण विजेने वरखाली होतात आणि तिथंच थांबतात, म्हणून खरी बॅटरी जाते ती पान उलटतानाच. टॅबलेटवर कादंबरी उघडली की तिसऱ्या पानाला वरून मेसेज टपकतो, मग आपण तिकडे आणि कादंबरी बसली बोंबलत. शिवाय झोपून वाचताना ते अर्धा किलोचं प्रकरण नाकावर आपटलंय माझ्या, चष्म्याची दांडी वाकली.

ठोंब्या: नोटिफिकेशन बंद करता येतात हो. तुमचा मनावर ताबा नाही त्याला यंत्र काय करणार? सहा इंची पडद्यावर स्कॅन केलेली ए-फोर पीडीएफ वाचून दाखवा, मग बोलू. झूम करा, सरकवा, पडदा काळा होऊन परत पांढरा होईस्तोवर मागची ओळ डोक्यातून गेलेली असते.

पानखूण: पण झोपेचं काय? 2014 चा अभ्यास आहे, उजेडाच्या पडद्यावर वाचलं की झोप उशिरा लागते.

ठोंब्या: त्यात माणसं 12 आणि आयपॅड फुल ब्राइटनेसवर, रोज चार तास! असं कोण वाचतं?

खोडसाळ: भांडा तुम्ही. पुस्तक दोन्हीकडे तुमचं नाहीच. 2009 मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून, म्हणजे त्यांच्याच ई-रीडरमधून, ऑर्वेलचं '1984' परस्पर काढून घेतलं, तेही नेमकं तेच, सरकारी पाळतीवरचं!

पानखूण: विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, पैसे परत दिले, माफीही मागितली. अर्धीच गोष्ट सांगायची सवय गेली नाही तुमची.

खोडसाळ: म्हणजे घरात शिरून खुर्ची उचलून नेली आणि टेबलावर पैसे ठेवले की झालं? आणि 2025 मध्ये विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकायची सोयही बंद केली, त्याची माफी कुठंय?

रातकिडा: टॅबलेटवर तेच ॲप नि कॉपी करू न देणारं तेच कुलूप आहे, मग त्याचं खापर ई-रीडरवर का? कुलूप नसलेली ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, घ्या आणि टाका यंत्रात, कोण अडवतंय?

खोडसाळ: सगळी पुस्तकं तशी मिळतात जणू! तुमच्यासारखे गपगुमान विकत घेतात म्हणून तर त्यांचं फावतं.

रातकिडा: जिभेला आवर घाला जरा.

ठोंब्या: माझ्या पीडीएफचं उत्तर राहिलंच. बरं, नुसत्या कादंबरीला ई-रीडर बरा, घ्या, मानलं. पण तक्ते, नकाशे, आकृत्या?

रातकिडा: दहा इंची ई-इंक मिळतो, रंगीतही निघालेत.

ठोंब्या: बघितलेत. काळ्या-पांढऱ्यात इंचाला 300 पिक्सेल, रंगात गेलं की 150, नकाशा तीनदा धुतल्यासारखा दिसतो. तुम्हाला नदी आणि रस्ता वेगळे ओळखता येत असतील तर तुमचे डोळे खरंच शाबूत आहेत म्हणायचे.