तीन टिंबांचा हिशेब कंपायलरनेच ठेवायला हवा

कोरीपाटी:
काल इथे एकांनी लिहिलं की सी भाषेतलं छापायचं फंक्शन प्रिंटएफ एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) बिनबोभाट चालतं, आर्म मशीनवर कचरा छापत असेल तर कंपायलरमध्ये प्रिंटएफच्या नावाने एक खास अट घाला आणि पुढे चला. वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते. प्रिंटएफ व्हेरिअ‍ॅडिक आहे, म्हणजे त्याच्या घोषणेत (प्रोटोटाइपमध्ये) शेवटी तीन टिंबं असतात आणि तिथे कितीही आर्ग्युमेंट्स, म्हणजे फंक्शनला द्यायची मूल्यं, देता येतात. ती प्रोसेसरच्या रजिस्टरांत ठेवायची की मेमरीतल्या स्टॅकवर, हे प्रत्येक मशीनचे नियम ठरवतात.

एक्स८६-६४ वर, म्हणजे लिनक्सकडच्या नियमांत, पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर पूर्णांक रजिस्टरांत जातात आणि पहिले आठ डबल, म्हणजे दशांश संख्या, एक्सएमएम रजिस्टरांत. फंक्शन व्हेरिअ‍ॅडिक असो वा नसो, जागा त्याच. जास्तीचं काम एकच: किती एक्सएमएम वापरले त्याची वरची मर्यादा एएल नावाच्या छोट्या रजिस्टरात ठेवायची. ते विसरलात आणि एएलमध्ये योगायोगाने शून्य असलं, तर प्रिंटएफ ती रजिस्टरं जपून ठेवत नाही आणि दशांश संख्येच्या जागी भलतंच छापलं जातं. शून्य नसलं की चालून जातं. या चालून जाण्याला तुम्ही बरोबर म्हणताय.

बाकी ठिकाणी बघा. विंडोज एक्स६४ वर पहिल्या चार जागांतला डबल एक्सएमएममध्येही ठेवावा लागतो आणि त्याच जागेच्या पूर्णांक रजिस्टरातही. रिस्क-व्हीवर आणि विंडोज आर्म६४ वर टिंबांतला डबल पूर्णांक रजिस्टरात जातो. अ‍ॅपलच्या आर्म६४ वर टिंबांतलं सगळं स्टॅकवर. लिनक्सच्या आर्म६४ वर मात्र नेहमीच्याच रजिस्टरांत. एवढ्या तऱ्हा असल्या तरी बॅकएंडला, म्हणजे कंपायलरच्या मशीन कोड काढणाऱ्या भागाला, कळायला हवं ते एकच: नाव असलेली आर्ग्युमेंट्स कुठे संपली. माझ्या कंपायलरचा पार्सर, म्हणजे कोड वाचणारा भाग, टिंबं नीट वाचत होता आणि टाइप तपासून झाले की विसरत होता. प्रत्येक फंक्शन कॉलच्या नोंदीत (नोडवर) नाव असलेल्या आर्ग्युमेंट्सच्या संख्येचा एक आकडा ठेवला, प्रत्येक बॅकएंडने तो वाचला, प्रश्न मिटला. प्रिंटएफसारख्या फंक्शनांच्या नावांची यादी करून हे होत नाही. लोक स्वतःची लॉग फंक्शनं लिहितात, ती कुठल्या यादीत घालणार?

स्टॅकनिष्ठ:
कालचं मीच लिहिलं होतं. असहमत.
३२-बिट एक्स८६ वर सगळी आर्ग्युमेंट्स स्टॅकवर ठेवायची आणि व्हीए-लिस्ट, म्हणजे टिंबांतली आर्ग्युमेंट्स एकेक करून वाचायचं साधन, हा साधा पॉइंटर. पोरालाही समजेल. मग रजिस्टरांचा हव्यास आला आणि एक्स८६-६४ वर व्हीए-लिस्ट २४ बाइटचं स्ट्रक्चर झालं, लिनक्सच्या आर्म६४ वर ३२ बाइटचं. एक्स८६-६४ वर रजिस्टरं जपायला १७६ बाइटची जागा वेगळीच. हा पसारा ज्यांनी मांडला त्यांनी आवरावा. एकट्याने कंपायलर लिहिणाऱ्याने आपली संध्याकाळ त्यात का घालवायची? शिवाय निम्मे लोक प्रोटोटाइपच देत नाहीत. स्टँडर्डच म्हणतं की तशा कॉलचं वर्तन अव्याख्यात आहे.

कोरीपाटी:
प्रोटोटाइप न देणाऱ्यांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. प्रोटोटाइप समोर आहे, त्यात टिंबं आहेत, आणि तरी कंपायलर चुकीच्या जागी आर्ग्युमेंट ठेवतोय. ही चूक आपली आहे. आणि तुमच्या कंपायलरपुरतं सगळं स्टॅकवर टाकूनही भागत नाही, कारण पलीकडची लायब्ररी दुसऱ्या कंपायलरने बांधलेली असते.

उंबरठा:
कंपायलर निर्दोष असूनही हे भोवतं, माझ्यावर गुदरलंय. फाइलची कामं एका टेबलात फंक्शन पॉइंटर म्हणून ठेवली होती. फाइल उघडणाऱ्या ओपन फंक्शनच्या घोषणेत टिंबं आहेत, तरी त्याला तीन ठरावीक आर्ग्युमेंट्सचा प्रकार देऊन कास्ट केलं, म्हणजे त्याचा टाइप जबरदस्तीने बदलला. एक्स८६-६४ वर कित्येक वर्षं तक्रार नाही. अ‍ॅपलच्या आर्म६४ वर नेलं तर नव्या फाइलींना वाटेल त्या परवानग्या. एखादी फाइल मी बनवायचो आणि मलाच उघडायची नाही. दोन दिवस फाइलसिस्टिम चाचपत बसलो. कॉल तिसरं आर्ग्युमेंट रजिस्टरात ठेवत होता, ओपन ते स्टॅकवरून उचलत होतं. चूक माझ्या कास्टची, मान्य. पण मी म्हणतो, ओपन व्हेरिअ‍ॅडिक ठेवलंच कशाला? दोन किंवा तीन, एवढाच प्रश्न आहे!

जुनीवही:
ठेवलं कारण आधीचं ओपन दोनच आर्ग्युमेंट्सचं होतं, फाइल बनवायला क्रिएट वेगळं होतं. परवानगीचं आर्ग्युमेंट मागाहून आलं. लिहून झालेला कोड मोडायचा होता का?

उंबरठा:
तिसरं आर्ग्युमेंट लागणाऱ्याला वेगळं नाव द्यायचं होतं. आणि दुसरा प्रोग्राम चालवणारं एक्झेकएल? यादीच्या शेवटी नल (रिकामा पॉइंटर) म्हणून नुसतं शून्य दिलं की ते ३२ बिटांचं इंट जातं, पलीकडचा ६४ बिटांचा पॉइंटर वाचतो. ते स्टॅकवर गेलं तर वरच्या अर्ध्यात काय असेल याचा भरवसा नाही.

जुनीवही:
म्हणून तर शून्य पॉइंटरात कास्ट करून द्या असं सुरुवातीपासून शिकवतात. आम्ही हे हाताने करत आलो. तुम्हा लोकांना स्वतःच्या चुकीवर नवं फंक्शन हवं असतं.

उंबरठा:
अनुभवाचा धाक घालू नका. चूक कबूल करूनच बोलायला सुरुवात केली आहे मी. कंपायलरला टाइप ठाऊक असताना माणसाने तो लक्षात ठेवायचा, याला शिस्त म्हणत नाहीत.

जुनीवही:
आवाज चढला, तेवढं मागे घेतो. ओपनबद्दलचं मत मात्र तेच. माझा खरा राग व्हीए-लिस्टवर आहे. ती दुसऱ्या फंक्शनला दिली की एक्स८६-६४ वर ॲरे असल्याने मूळ यादीही पुढे सरकते, साध्या पॉइंटरवाल्या मशीनवर सरकत नाही. सीच्या १९९९ च्या स्टँडर्डने, सी९९ ने, यादीची प्रत काढायला व्हीए-कॉपी दिली तरी लोक अजून नुसतं बरोबरचं चिन्ह लिहितात.

कोरीपाटी:
हे सगळं खरं, पण मूळ मुद्दा राहतोय. प्रोग्राम चालू असताना टाइप ठरवून फंक्शनं बोलावणाऱ्या लिबएफएफआय लायब्ररीला व्हेरिअ‍ॅडिक कॉलसाठी वेगळं फंक्शन काढावं लागलं आणि ते ठरावीक आर्ग्युमेंट्सची संख्या आणि एकूण संख्या अशा दोन्ही मागतं. क्यूबीई या तयार बॅकएंडमध्ये कॉलच्या यादीत टिंबांची खूण करता येते. एलएलव्हीएम या दुसऱ्या तयार बॅकएंडच्या अशा कॉलवर फंक्शनचा पूर्ण टाइप असतो. तिघांनाही तीच माहिती लागली. स्टॅकनिष्ठ, तुमच्या यादीत याचं उत्तर आहे का?

स्टॅकनिष्ठ:
नाही. काल रात्री स्वतःच्या लॉग फंक्शनवर करून पाहिलं, तिथेही कचराच. आकडा ठेवतो. रजिस्टरांचा पसारा नको होता, यावरून मात्र हटणार नाही.
पण तुमच्या आकड्यातही एक भोक आहे. शून्य म्हणजे 'व्हेरिअ‍ॅडिक नाही' असं धरलं असेल तर सी२३ या सीच्या नव्या स्टँडर्डमध्ये अडकाल. आता नाव असलेलं एकही आर्ग्युमेंट नसताना नुसती टिंबं चालतात.

कोरीपाटी:
शून्यच धरलं होतं. बरोबर पकडलंत. साध्या फंक्शनला उणे एक करते आणि नुसत्या टिंबांची चाचणी आज प्रत्येक बॅकएंडवर घालते.