फाजील आत्मविश्वास, गाफीलपणा की प्रमाद?

एका अनुवादात 'कम्प्लेसन्सी' हा शब्द आला. एकदा यश मिळालं की माणूस सैलावतो, तयारी कमी करतो, धोका दिसला तरी मनावर घेत नाही, ती अवस्था. मी 'आत्मसंतुष्टता' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'फाजील आत्मविश्वास' केलं. मला दोन्ही खटकतात. चपखल शब्द कोणता?

*

'आत्मसंतुष्टता' नकोच. मराठीत संतोष, समाधान हे गुण आहेत. आधी 'आत्म' लावलं तरी त्या शब्दाला धोक्याचा वास येत नाही.

'फाजील आत्मविश्वास' वर्तमानपत्रांनी इतका रुळवला आहे की संघ हरला की तो आपोआप बातमीत येतो. 'फाजील' मूळ अरबी, म्हणजे जास्तीचं, उरलेलं. उर्दूत त्याच शब्दाचा अर्थ विद्वान असाही आहे (आलिम-फाजिल). मराठीत मात्र 'फाजील लाड', 'फाजील चौकशा' अशी त्याची संगत नकोशा गोष्टींशीच. म्हणजे कुवतीपेक्षा जास्त असलेला विश्वास. पण तो कधीच न जिंकलेल्या माणसालाही असतो! पोहायला आठवड्यापूर्वी शिकलेला मुलगा खोल पाण्यात उडी टाकतो, तो फाजील आत्मविश्वास. तुम्ही म्हणता ती अवस्था शांत आहे. तिच्यात बढाई नसते, फक्त लक्ष उडालेलं असतं.

त्यासाठी माझं मत 'गाफील'. गाफील आणि गफलत एकाच अरबी धातूतून आलेले. मूळ अर्थ बेसावधपणाच. मराठीत मात्र 'गाफील' ही माणसाची अवस्था राहिली आणि 'गफलत' म्हणजे तिच्यातून होणारी चूक किंवा घोटाळा.

नेमकी हीच वाट संस्कृतातल्या एका शब्दाने धरली, आणि मला ते फार विलक्षण वाटतं. 'प्रमाद' म्हणजे आज आपण चूक समजतो: 'माझ्या हातून प्रमाद घडला.' मूळ अर्थ अनवधान, सावधपणा सुटणं. धातू 'मद्', ज्यातून मद आणि उन्माद आले. धुंदी आणि दुर्लक्ष एकाच मुळाची फळं आहेत हे भाषेला केव्हाच कळलं होतं. तैत्तिरीय उपनिषदात वेद शिकवून झाल्यावर आचार्य शिष्याला उपदेश करतात, त्यात 'कुशलान्न प्रमदितव्यम्। भूत्यै न प्रमदितव्यम्।' असं येतं. कल्याणाच्या आणि उत्कर्षाच्या बाबतीत गाफील राहू नकोस. वेळ पाहा: अभ्यास पुरा झाला आहे, शिष्य आता बाहेर पडणार आहे. बुद्धांचे अखेरचे शब्द म्हणून पाली परंपरेने जपलेलं वचनही 'अप्पमादेन सम्पादेथ' हेच, म्हणजे प्रमाद न करता, सावध राहून आपलं साध्य गाठा.

*

'प्रमाद' आज त्या अर्थाने वापरला तर वाचकाला 'चूक' एवढंच कळेल. आणि 'हुरळणे', 'शेफारणे' यांचं काय?

*

प्रमादाबद्दल तुमचं बरोबर आहे, तळटीप द्यावी लागेल. हुरळणं क्षणाचं असतं, ते ओसरतं. शेफारणं हे लाडावलेल्याचं. त्यात दुसऱ्या कुणीतरी डोक्यावर चढवून ठेवलेलं असतं.

मला आणखी एक शब्द सुचवायचा आहे: सोकावणे. 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.' अमेरिकेच्या चॅलेंजर या अवकाशयानाचं (स्पेस शटलचं) उदाहरण घ्या. त्याआधीच्या 24 शटल मोहिमा सुखरूप परतल्या होत्या. त्यांतल्या काहींत बूस्टरच्या, म्हणजे उड्डाणाला जोर देणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातल्या रबरी कड्या झिजलेल्या आढळल्या होत्या. पण यान परत येत होतं, म्हणून ती झीज चालण्यासारखी ठरत गेली. 28 जानेवारी 1986 च्या उड्डाणाआधीच्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी कडक थंडीमुळे हरकत घेतली, तरी उड्डाण झालं. 73 सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. याला फाजील आत्मविश्वास म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं. प्रत्येक सुखरूप परतीनंतर माणसं थोडी अधिक गाफील होत गेली आणि धोका थोडा अधिक सोकावत गेला. इथे व्याकरणही बोलतं: सोकावतो तो काळ, चोर, दुधाला चटावलेलं मांजर. गाफील असतो तो घरधनी. एकाच घटनेच्या या दोन बाजू, आणि दोन्हींना मराठीत स्वतंत्र शब्द आहे.

तुमचं मूळ वाक्य देता का? शब्द वाक्यात बसवूनच ठरवू.

*

वाक्याचा आशय असा: सलग तीन वर्षांच्या यशानंतर संस्थेत कम्प्लेसन्सी आली आणि तक्रारींकडे दुर्लक्ष होऊ लागलं. वरचं वाचून आता असं केलं आहे: 'सलग तीन वर्षांच्या यशाने संस्था गाफील झाली, तक्रारी येत होत्या, पण त्या कुणी मनावर घेईना.' नाम सोडून विशेषण घेतल्यावर वाक्य मोकळं झालं. संपादकांना हेच पाठवते.