मदत हवी आहे : टेस्टिंग सोडून नर्सिंगकडे
नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत राहते. पुण्याची बी.ई., १२ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग. आईच्या आजारपणात नर्सेसचं काम जवळून पाहिलं आणि डोक्यात किडा शिरला तो गेलाच नाही. (नवरा अजून हसतोय.)

आधीची कुठलीही पदवी असलेल्यांसाठीचा वेगवान बीएसएन (नर्सिंगची बॅचलर पदवी) साधारण १२ ते १८ महिन्यांचा. थेट एमएसएन (बीएसएन न करता सरळ नर्सिंगची मास्टर्स) बहुधा त्याहून लांब नि महाग. एनसीएलईएक्स-आरएन ही नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा मात्र दोन्हीनंतर तीच. मग एमएसएनचा फायदा नेमका काय? अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी हे प्रवेशाआधी लागणारे विषय कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी करतेय. पण शिफारसपत्रं कोणाची घ्यावीत? माझे प्राध्यापक १५ वर्षांपूर्वीचे! आणि क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रात्यक्षिक) सुरू झाल्यावर नोकरी खरंच जमते का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा ना.