विकसनशील देशांचे शेअर बाजार: दोरी कुणाच्या हातात?

मंदगती: जीडीपी वाढला की बाजार वर जातो, हे मला अजिबात पटत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये शांघायचा निर्देशांक ६००० च्या वर होता. पुढच्या पंधरा वर्षांत चीनची अर्थव्यवस्था जवळपास तिप्पट झाली, पण निर्देशांक त्या पातळीला पुन्हा शिवला नाही. विकसनशील देशांच्या बाजारांचं खरं भवितव्य अमेरिकेचे व्याजदर ठरवतात. तिथे बिनजोखमीचे रोखे बरा परतावा देऊ लागले की परकीय पैसा काढता पाय घेतो.

ताळेबंद: अर्धंच खरं आहे हे. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बर्नान्के यांनी बँकेची रोखेखरेदी (बाजारात स्वस्त पैसा सोडण्याचा मार्ग) कमी करण्याचे नुसते संकेत दिले आणि सगळीकडे विक्री सुरू झाली. पण सर्वाधिक मार कुणी खाल्ला? ब्राझील, भारत, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका. पाचही देशांच्या चालू खात्यात तूट होती, म्हणजे बाहेरून येणाऱ्या कमाईपेक्षा बाहेर जाणारा पैसा जास्त होता. याच खात्यात शिल्लक असलेला दक्षिण कोरिया बराच सावरला. वादळ बाहेरून येतं हे मान्य, पण छप्पर घरच्यांनीच शाकारायचं असतं.

कर्जरोखा: ताळेबंद यांच्याशी सहमत. १९९७ चं थायलंड आठवा. कंपन्यांनी कर्ज डॉलरमध्ये काढलं होतं, कमाई मात्र बाटमध्ये, म्हणजे थाई चलनात. तोवर डॉलरशी बांधून ठेवलेला बाटचा दर जुलैत मोकळा सोडल्यावर तो कोसळला आणि धंदा तोच राहूनही देणं फुगलं. शेअर पडणारच! दर बांधून ठेवायचा निर्णय बँकॉकचा होता, वॉशिंग्टनचा नव्हे.

उलटतपासणी: तुर्कस्तानला तुम्ही तिघेही कुठे बसवता? २०२२ मध्ये अमेरिका व्याजदर वाढवत होती, तुर्कस्तानात महागाई ८५ टक्क्यांवर पोचली, तरी इस्तंबूलचा निर्देशांक वर्षभरात जवळजवळ तिप्पट झाला. महागाईपुढे ठेवींचं व्याज किरकोळ होतं. मग सामान्य बचतदार शेअर घेणार नाही तर काय करणार? परकीय विकत होते, घरचे घेत होते.

मंदगती: मुद्दा बिनतोड आहे, २०२२ पुरता. पण आदल्याच वर्षी, २०२१ मध्ये, तोच निर्देशांक लिरात (तुर्की चलनात) वाढला आणि डॉलरमध्ये घसरला. चलन घसरत असताना नुसता निर्देशांकाचा आकडा बघून 'बाजार तेजीत' म्हणणं ही बचतदाराची दिशाभूल आहे. ताळेबंद, तुमचा तुटीचा मुद्दा मात्र मी मानतो. पण ती तूट भरायला लागणारा स्वस्त डॉलर आधी कुठून आला होता, त्याचंही उत्तर द्या.