मदत हवी आहे: केमेमलीक गळती दाखवतंय, पण मेमरी वाढतच नाही

नमस्कार मंडळी,

एआरएम६४ बोर्डावरचा एक जुना नेटवर्क ड्रायव्हर लिनक्सच्या ६.६ कर्नलवर आणतोय. केमेमलीक म्हणजे कर्नलचं गळती शोधणारं साधन: घेतलेल्या ज्या ब्लॉकचा पॉइंटर (पत्ता) मेमरी स्कॅन करताना कुठेच सापडत नाही, तो ब्लॉक गळला असं ते धरतं. मॉड्यूल लोड करून केमेमलीकला स्कॅन दिलं की ५१३ नोंदी येतात. त्यातल्या ५१२ अगदी एकसारख्या: आकार २५६ बाइट, प्रोसेस मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी कमांड), बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनमधून मेमरी घेतली त्या माळेत) आमचं रिंग, म्हणजे पॅकेटांच्या बफरांची रांग, तयार करणारं फंक्शन. उरलेली एक ६४ बाइटची.

गंमत म्हणजे खरी गळती कुठेच दिसत नाही. रात्रभर ट्रॅफिक सोडलं, स्लॅबइन्फोमधला (कर्नलच्या मेमरी वापराच्या यादीतला) केमॅलॉक-२५६ चा, म्हणजे २५६ बाइटच्या ब्लॉकांचा, आकडा वाढला नाही. मॉड्यूल काढलं की तो पुन्हा खाली येतो. परत परत स्कॅन करूनही नोंदी हटत नाहीत, म्हणजे पॉइंटर नेमका त्या क्षणी सीपीयूच्या रजिस्टरमध्ये होता असंही म्हणता येत नाही.

टीममधला सल्ला: "सगळीकडे केमेमलीक_नॉट_लीक ('ही गळती नाही' असं सांगणारा कॉल) टाक आणि मोकळा हो." मला ते पटत नाही. उद्या त्याच ओळीवर खरंच गळती झाली तर कळणार कसं? प्रत्येक बफरचा पॉइंटर एका टेबलात आहे, टेबलाचा पत्ता ड्रायव्हरच्या प्रायव्हेट स्ट्रक्चरमध्ये आहे. मग केमेमलीकला तो सापडत का नाही?

प्रतिसाद

५१२ पॉइंटर गुणिले ८ बाइट म्हणजे ४०९६, बरोब्बर एक पेज! टेबल गेट_फ्री_पेजने (थेट अख्खं पान देणाऱ्या फंक्शनने) घेतलंय ना? केमेमलीक केमॅलॉक, व्हीमॅलॉक वगैरे फंक्शनांनी घेतलेल्या मेमरीची नोंद ठेवतं. पेज अ‍ॅलोकेटरकडून थेट घेतलेल्या पानांची नाही. नोंद नाही म्हणून ते पान स्कॅनही होत नाही, आणि आतले सगळे पॉइंटर त्याच्या लेखी नसल्यातच जमा.

टेबल सरळ केझॅलॉकने (शून्यांनी भरलेली मेमरी देणाऱ्या केमॅलॉकने) घ्या. पूर्वी लोक पेजच्या सीमेवर जुळलेला पत्ता हवा म्हणून पानं घ्यायचे, पण ५.४ पासून दोनच्या घातातल्या आकारांना केमॅलॉक तशी हमी देतं. पानच हवं असेल तर केमेमलीक_अलॉकने स्वतः नोंदवा, कर्नलच्या स्कॅटरलिस्ट.सी मध्ये एसजी_केमॅलॉक हेच करतं, तिथली कॉमेंट जरूर वाचा. पान सोडण्याआधी केमेमलीक_फ्री मात्र विसरू नका. नाहीतर तीच जागा नंतर दुसऱ्याला मिळाली की नोंदी एकमेकींवर चढतात आणि केमेमलीक स्वतःच बंद पडतं.

धागाकर्ता

होय, गेट_फ्री_पेजच होतं. केझॅलॉक केलं आणि ५१२ गायब! आभार. ती ६४ बाइटची नोंद अजून आहे. तो ब्लॉक घेऊन त्याचा फिजिकल पत्ता डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये लिहिला जातो. सोडताना तोच वाचून फिज_टू_व्हर्टने (फिजिकल पत्त्याचा व्हर्च्युअल पत्ता करून) पॉइंटर परत मिळवतात. इथे तरी नॉट_लीक?

प्रतिसाद

चालेल, पण त्यापेक्षा व्हर्च्युअल पॉइंटर प्रायव्हेट स्ट्रक्चरमध्ये ठेवा. आठ बाइटचा प्रश्न आहे, आणि सोडताना हार्डवेअरवर विसंबून राहावं लागत नाही. डिव्हाइस रीसेट झालं तर रजिस्टरमध्ये काय असेल याचा भरवसा नाही. आणि केमेमलीक_इग्नोर वापरू नका. नॉट_लीकमध्ये ब्लॉकच्या आतला भाग निदान स्कॅन होतो, इग्नोरमध्ये तोही होत नाही. आत दुसऱ्या कशाचा पॉइंटर असेल तर त्याची नवी खोटी तक्रार सुरू होईल.